राजीनामा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच! हे मंडीतून आले ते धुसफुसतच. राणीतालच्या वळणावर एका कारवाल्याने काच खाली करून म्हटले म्हणे — "ओ दद्दा, सायकल चलानी है तो बगीचे में चलाओ!" ह्यांनी काय उत्तर दिले? काहीच नाही. छत्तीस वर्षे फॅक्टरीत सायकलने गेले-आले, रिटायर होऊन तीन वर्षे झाली, पण रस्त्यावर कोणाला उलटून बोलले नाहीत. सगळे घरी आणून मला ऐकवतात. जसा हॉर्न मीच वाजवला!

म्हटले, "तुम्ही पण बोलायचं ना त्याला काही."

तर म्हणतात, "बोलणारच होतो. काच वर गेली."

खरे लिहायचे तर मी पण काही कमी नाही. मागच्या महिन्यात आमची लेक एकता आणि जावई भोपाळहून जबलपूरला आले होते. त्यांच्या कारमधून भेडाघाटला जाताना पुढे दोन सायकलवाले जोडीने गप्पा मारत चालले होते, तर मीच म्हटले, "हॉर्न द्या ना जी, काहून असे मधातून चालून राहिले हे!" कारमध्ये बसले की सायकलवर माणूस आहे हेच दिसत नाही. खाली उतरले की कार राक्षस वाटते. माणूस तोच, बूड टेकले तिथले मन! लाज वाटली म्हणून लिहून ठेवते.

५ नोव्हेंबर, बुधवार — पौर्णिमा

पहाटे विहारात वंदनेला. हे पुढे, सायकलवर. मागे दोन सतरंज्या बांधलेल्या, हँडलला पाण्याची कॅन. मी कडेने पायी. समोरून बस आली, बाजूने ऑटो घुसला. मी डोळेच मिटले. उघडले तर हे त्या दोघांच्या मधून एक पाय खाली न टेकवता पार — सुईतून दोरा जावा तसे! आणि तोंडात वंदना चालूच.

उभी राहून पाहत राहिले. एकतीस वर्षांच्या संसारात हे कधी नीट पाहिलेच नव्हते.

१० नोव्हेंबर, सोमवार

रात्रीचे बारा वाजून गेले. तरी लिहिते. लिहिले नाही तर छाती फुटेल.

मीच पाठवले. मटारचा मोसम सुरू झाला, दारावरच्या ठेल्यापेक्षा मंडीत निम्म्या भावाने मिळतो. म्हटले, पाच किलो आणा, सोलून ठेवते, उन्हाळ्यापर्यंत पुरेल. हे म्हणत होते, उद्या जातो. मी म्हटले, उद्या भाव चढेल.

येताना रस्त्याच्या कडेला एक कार उभी होती. आतल्याने मागे न पाहता खाडकन दार उघडले. हे थेट दारावर. उजव्या मनगटाची दोन्ही हाडे मोडली, कपाळाला पाच टाके. सायकलच्या दुकानातला पोरगा धावत सांगायला आला. मी पोहोचले तेव्हा ह्यांना ऑटोत घालून राहिले होते. रस्ताभर मटार. गाड्या त्याच्यावरून जात होत्या. हे मला पाहून म्हणतात — "पिशवी फाटली, माय!"

पिशवी फाटली! स्वतःचा हात लोंबकळत होता.

दार उघडणारा बाजूला उभा. फोनवर बोलत होता. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी एक गोष्ट केली. चांगली की वाईट ते सांगता येत नाही, पण केली.

सरकारी दवाखान्यात, ह्यांच्या वॉर्डात. मी खाली औषधाच्या खिडकीवर गेले होते, तिथे पाऊण तास रांग. वर आले तर ह्यांच्या खाटेपाशी पोलीस ठाण्याचे टीआई साहेब, म्हणजे ठाण्याचे मुख्य, आणि तो गाडीवाला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पोट पुढे. बँकेत अधिकारी आहे, सिविल लाइंसच्या शाखेत, रिव्याहून बदली होऊन आला. नाव दिवाकर. मी दारातच होते तर त्याचे बोलणे कानावर पडले — "सर, केस बन गया तो मेरी नौकरी चली जाएगी."

मनात म्हटले, जाऊ दे! जाऊच दे!

टीआई साहेबांनी मला पाहिले. "आइए माताजी. राजीनामा हो रहा है. चाचाजी तैयार हैं, इनका हाथ प्लास्टर में है, तो आप दस्तखत कर दीजिए."

राजीनामा! मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी मान हलवली, कर म्हणून. गाडीवाल्याकडे पाहिले. तो हात जोडून उभा, डोळ्यांत पाणी. "कर दीजिए, चाचीजी." स्वतःचाच राजीनामा मागून राहिला!

मी विचारले, "मेरे दस्तखत से होगा?"

"आप ही के दस्तखत से होगा. आप नहीं चाहेंगी तो नहीं होगा."

चष्मा घरी राहिला होता. कागद पोलिसी अक्षरात, मुंग्या चालल्यासारखा. पण वाचायचे काय होते? केस नको असेल तर नोकरी सोड, असे सरकारी लोकांचे आपसात ठरलेले दिसत होते. मला ते मटार आठवले, तो लोंबकळणारा हात आठवला. केली सही. पार्वता टिकाराम मेश्राम. इतकी दाबून की पाठीमागे उमटली.

तो गाडीवाला वाकून माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झोप नाही. राहून राहून एकच गोष्ट — माझी सही!

मी तुमसरच्या मराठी शाळेतली दहावी पास. आजवर सही कुठे केली? रेशनच्या रजिस्टरवर, एकताच्या प्रगतिपत्रकावर, बँकेच्या पासबुकावर. त्या बँकेतला बाबू पण म्हणायचा, "अम्मा, दस्तखत मिलते नहीं, फिर से करो." आणि आज त्याच सहीने एका बँकेच्या अधिकाऱ्याला खुर्चीवरून उठवले! बाप्पा रे! पेनमध्ये एवढी ताकद असते हे शाळेत कोणी सांगितले नव्हते.

हाताकडे पाहत बसले होते. हा तोच हात, पोळ्या लाटणारा.

१३ नोव्हेंबर

एकताचा फोन. "मम्मी, बाबांना बोल की आता सायकल बिल्कुल नाही. विकून टाका, बस." तिच्या बाबांनी ऐकले आणि डावा हात हलवून नाही म्हटले. राजीनाम्याचे मी तिला सांगितले नाही. का सांगितले नाही, ते कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ह्यांना घरी आणले. चेरीतालच्या आमच्या गल्लीत अर्धी आळी जमा झाली, प्रत्येकाला हात दाखवायचा!

चार वाजता फाटक वाजले. मी उघडले तर — तो! दिवाकर! सायकलवर! घामाघूम, पँटचा पाय मोज्यात खोवलेला, कॅरियरला संत्र्यांची पिशवी. दीक्षितपुऱ्यात भाड्याने राहतो, तिथून आला. "मकान मालिक की सायकल है चाचीजी, पड़ी थी. बीस साल बाद चला रहा हूँ. दो बार चेन उतरी."

पाणी दिले. ह्यांच्याजवळ बसला, प्लास्टरला हात लावून पाहिला, डॉक्टरांचे विचारले. आणि जाताना मला म्हणतो काय — "चाचीजी, आपने राजीनामा कर दिया, आपका बहुत बड़ा दिल है. कोई और होता तो नहीं करता. ज़िंदगी भर याद रखूँगा."

मी दार धरून उभी. थट्टा करून राहिला काय? चेहऱ्याकडे पाहिले. थट्टा नव्हती. डोळे स्वच्छ, लहान मुलासारखे.

ज्याची नोकरी मी घेतली तो माणूस माझे आभार मानून गेला! राग नाही, कुरकुर नाही. असे मन कुठून येते? मी तीस वर्षे वंदना करते, आणि ठेलेवाल्याने एक वांगे सडके घातले तर दिवसभर विसरत नाही.

१७ नोव्हेंबर

रात्री ह्यांना विचारले, "त्याची कार कुठं गेली?"

"ठेवून दिली. राजीनाम्यातच ठरलं तसं."

म्हणजे कार पण बँकेची होती. ती पण गेली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलावर अडखळले. जे दिले नाही ते घेणार नाही, असे रोज म्हणते. मी कधी कोणाची काडी उचलली नाही. भाजीवाल्याने चुकून जास्त परत दिले तर दोन गल्ल्या मागे जाऊन दिले. आणि आता? एका माणसाच्या तोंडचा घास! तो घास त्याने मला दिला होता काय?

पण ह्यांचा हात पण कोणी दिला नव्हता त्याला.

मेणबत्ती विझेपर्यंत बसून राहिले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज घरात शाळा भरली. दिवाकर जी (आता "तो" लिहवत नाही) सकाळीच आले. गुडघा खरचटलेला, पण हसून राहिले. म्हणाले, "चाचाजी, कल एक कार ने पीछे से ऐसा हॉर्न मारा कि मैं सीधा नाली में! और वो बोला क्या — अबे, सड़क तेरे बाप की है?" मग स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. "चाचाजी, ये डायलॉग तो मेरा था! पाँच साल से मैं यही बोल रहा था!"

हे इतके हसले की टाके ओढले गेले.

मग ह्यांनी त्यांना शिकवले. हे शिकवताना मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, मागून बस आली की आधी मानेला वारा लागतो, आवाज नंतर. घंटी घाबरवायला नाही, मी आहे म्हणून सांगायला वाजवायची. उभ्या कारच्या आरशात पाहत जायचे — आत डोके दिसले की दार उघडणार समजून हातभर लांब राहायचे. "उस दिन मैंने देखा था," हे म्हणाले, "आपका सर नहीं दिखा. आप मोबाइल उठाने को झुके थे."

दिवाकर जी खाली पाहू लागले.

मग ह्यांनी अंगणात एक खुर्ची ठेवली. "बैठिए. ये आपकी कार है. दरवाज़ा खोलिए." दिवाकर जींनी उजव्या हाताने हवेतले दार उघडले. हे म्हणाले, "गलत. बाएँ से खोलिए." डावा हात दाराकडे नेला, तर अख्खे अंग वळले, मान वळली, नजर थेट मागे रस्त्यावर!

"बस," हे म्हणाले. "इतना ही है."

इतनाच! मी पदराला हात पुसत दारात उभी होते, ती तशीच. दूरच्या हाताने दार उघड, मान आपोआप मागे पाहते. कोणाला सांगायला नको, रागवायला नको, दंड नको. हे ह्यांना कोणी शिकवले? म्हणतात, "खाटेवर पडल्या पडल्या विचार करून राहिलो होतो, त्याने काय केलं असतं तर झालं नसतं." म्हणजे मी तिथे बसून त्याला शिव्या देत होते तेव्हा हे त्याच्यासाठी उपाय शोधून राहिले होते!

दिवाकर जी त्या खुर्चीवर बसून दहादा दार उघडत होते. डावा हात, मान, डावा हात, मान. एका मोठ्या माणसाला असे शिकताना पाहून मला एकदम विहारातली लहान मुले आठवली, हात जोडायला शिकणारी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

साडेनऊला राणीतालजवळ दिवाकर जी दिसले. मी नाही दिसले त्यांना. भरगर्दी. ट्रक, ऑटो, ई-रिक्शा, मागून कार पों पों करून राहिलेली. मधात ते, साधी सायकल, हँडलला कागदांची बॅग, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. नोकरी शोधत फिरत असतील! रोज निघत असतील घरून, बायकोला काळजी नको म्हणून.

आणि चेहरा? रस्ता पाहून राहिला होता, बस. एक ऑटो अगदी अंगावर आला, त्याला हाताने "आधी तू जा" म्हणून इशारा केला. ऑटोवाला चकित. मी पण.

भाजी न घेता परत आले. काय आणायला गेले होते तेच विसरले.

२८ नोव्हेंबर

ह्यांना धीर करून विचारले. "राजीनामा झाला ते बरं झालं काय?"

"बरंच झालं. नाही तर कोर्टाच्या चकरा आल्या असत्या."

"पण त्याचं किती नुकसान..."

"नुकसान कुठचं? फायदाच झाला. पोट पाहिलं काय, केवढं आत गेलं!"

हे इतके कठोर कधीपासून झाले? उपाशी माणसाच्या पोटावरून हसतात? मग वाटले, हाताची कळ बोलून राहिली असेल. आणि त्यांना तरी मी काय बोलू? सही तर माझी आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मोठे धाडस केले. विहारातल्या बेबीबाई सांगत होत्या, त्यांच्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात हिशोब लिहायला माणूस पाहिजे. विचार केला, हिशोबाला बँकेच्या माणसासारखा कोण? दुपारी दिवाकर जी आले, मी बाजूला बोलावून हळूच म्हटले, "भैया, बुरा मत मानना. एक दुकान में हिसाब लिखनेवाला चाहिए. तनखा ज़्यादा नहीं, मगर इज़्ज़त की रोटी है."

ते हसले! खळखळून! "चाचीजी, लगवा दीजिए! सच कहता हूँ, बैंक से तो वही भला. मार्च में जो हालत होती है ना हमारी!"

माझ्या डोळ्यांत पाणी आले. असा हसला हा माणूस, जसे काही गेलेच नाही! घरी दोन मुली आहेत म्हणे, शाळेत जाणाऱ्या. त्यांच्यासाठी मटारच्या करंज्या बांधून दिल्या. "हमारे लिए ये सब क्यों, चाचीजी?" म्हणाले. मी काय सांगू क्यों?

विहारातले भन्तेजी एकदा म्हणाले होते, फायदा-तोटा, मान-अपमान, ह्यांनी ज्याचे मन हालत नाही तो खरा उंच. मी तेव्हा समजले होते की असे लोक जुन्या काळात होऊन गेले. ते दीक्षितपुऱ्यात भाड्याने राहतात हे माहीत नव्हते.

४ डिसेंबर, गुरुवार — पौर्णिमा

आज उपोसथ. आठ शीले घेतली, बारानंतर अन्न नाही. दिवसभर विहारात, पांढरी साडी. ध्यानाला बसले तर डोळ्यांपुढे श्वास नाही, माझी सही! पार्वता टिकाराम मेश्राम. दाबून केलेली.

बेबीबाई सगळ्यांना सांगून राहिल्या, "पार्वताबाईनं माफ केलं म्हणते त्या गाडीवाल्याले! काय मन आहे बाईचं!" मी माफ केले? कोणी सांगितले हे? ह्यांनीच सांगितले असणार, मला मोठी करायला. चार बायांनी येऊन हात जोडले. जमीन फाटावी असे झाले. नोकरी घेतली मी, आणि वर माफीचा मान पण घेऊ?

असे नाही चालणार. ठरले. उद्या ठाण्यात जाते. ज्या सहीने गेले त्या सहीनेच परत येईल. टीआई साहेब म्हणाले होते ना, आप नहीं चाहेंगी तो नहीं होगा.

५ डिसेंबर, शुक्रवार

गेले! एकटी गेले! ह्यांना म्हटले, बेबीबाईकडे चालली. (खोटे बोलले, चौथे शील मोडले. पाचातले एक जोडायला दुसरे मोडले. बघू.)

टीआई साहेब दौऱ्यावर. एक मुन्शीजी होते, चहा पिऊन राहिले होते. म्हटले, "मुझे वो राजीनामा वापस लेना है."

चहा थांबला. "वापस? क्यों माताजी? किसी ने दबाव डाला?"

"कोई दबाव नहीं. मेरे मन ने कहा."

"सोच लीजिए. फिर आगे की कार्रवाई होगी उस पर."

"होने दो! जल्दी होने दो! एक महीना हो गया, उसके बाल-बच्चे हैं!"

मुन्शीजी माझ्याकडे असे पाहू लागले, जसे माझ्या डोक्यावर काही परिणाम झाला आहे. "बाल-बच्चे हैं, फिर भी?"

"बाल-बच्चे हैं, इसीलिए!"

त्यांनी कागद पुढे केला. मी स्वतः लिहिले, शुद्ध हिंदीत — मैं अपनी मर्ज़ी से राजीनामा रद्द करना चाहती हूँ. खाली सही. या वेळी हलकी, जशी फुलाला हात लावते तशी.

बाहेर आले तर रस्ताच वेगळा. हॉर्न वाजून राहिले, कोणी कोणाला आंधळा म्हणून राहिले, एक सायकलवाला कारच्या आरशाला हात लावून भांडून राहिला. मला सगळेच चांगले वाटून राहिले. चालत घरी आले. पाय जमिनीला लागत नव्हते.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. पाचही शीले न अडखळता म्हटली.

९ डिसेंबर, मंगळवार

दिवाकर जी आले. फाटकाच्या आत आले नाहीत. चेहरा पांढरा. "चाचीजी, थाने से फोन आया. आपने राजीनामा तोड़ दिया? अब केस बनेगा मुझ पर. मुझसे क्या भूल हुई?"

म्हटले, "भूल कैसी! आपकी नौकरी वापस दिलाने गई थी!"

"मेरी नौकरी? मैं तो बैंक ही जा रहा हूँ चाचीजी. रोज जाता हूँ."

हे आतून बाहेर आले. मग म्हणाले, "पार्वता, राजीनामा म्हणजे तू काय समजली?"

"नोकरी सोडणं."

"त्याला इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे समझौता. दोघं राजी आहोत, केस करायची नाही, असा कागद." आणि सायकल? ती ह्यांची अट होती, एका महिन्याची.

हे जबलपुरात जन्मले, मी तुमसरच्या शाळेत शिकले. एकतीस वर्षे एका ताटात जेवलो, आणि हा शब्द दोघांचा वेगळा! नोकरी घ्यायला गेले तेव्हा मी माफ करून आले. दया आली तेव्हा पोलिसांत देऊन आले!

कोणी हसले नाही. दिवाकर जी फाटकाबाहेर हँडल धरून उभेच होते.

चष्मा घेतला, चपला घातल्या आणि त्यांच्याच सायकलच्या मागे बसले. ह्यांनी एवढेच विचारले, "ब्रेक पाहिला ना?"

ठाण्यात नवा कागद. दोनदा वाचला. मुन्शीजी म्हणाले, "माताजी, अब पक्का?"

या वेळी सही करायला वेळ लागला. केली.